कोचला दिलेला कागद

मिल्स्टन, टेक्सस
रविवार, ३० ऑक्टोबर १९८३

प्रिय शरयू,

तुझं अकरा तारखेचं पत्र काल मिळालं. अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं हलायला लागली हे वाचून फार बरं वाटलं. बोलणं अजून जड आहे, पण समजतं सगळं, असं तू लिहिलंयस. मग काळजीचं निम्मं कारण गेलंच म्हणायचं. तू त्यांच्याजवळ हवीस, तेव्हा परत यायची घाई करू नकोस. निघालीस तेव्हा तीन आठवडे म्हणाली होतीस, आता अकरा होत आले, पण ही तक्रार नाही. आम्ही दोघं नीट जेवतो. जन्मभर मोजण्याचं काम केलेला मी कुकरच्या शिट्ट्या मात्र मोजायला विसरतो, त्यामुळे वरणाचं कधी सूप होतं तर कधी वडी. संजीव दोन्ही खातो. येत्या शुक्रवारी दिवाळी आणि त्याच संध्याकाळी शेवटचा सामना, त्यामुळे डॅलसच्या मंडळात जाणं काही जमणार नाही. पणत्या मात्र लावीन. त्या कुठल्या कपाटात आहेत ते तू लिहीपर्यंत दिवाळी होऊन जाईल, तेव्हा मीच शोधतो.

अण्णांनी विचारलं की नातू नेमकं खेळतो काय, आणि तुला सांगता येईना, हे वाचून हसलो. सलग दोन वर्षं दर शुक्रवारी माझ्या शेजारी बाकावर बसून घसा बसेपर्यंत ओरडणारी तू! त्यांना असं सांग: नाव फुटबॉल, पण चेंडू हातानेच फेकायचा; प्रत्येक डावात चेंडू पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. समोरून पाचसहा धिप्पाड पोरं त्याला आडवं करायला धावत येतात. तेवढ्या तीन सेकंदांत आपल्यापैकी कोणाकडे चेंडू फेकायचा ते त्याने ठरवायचं. बरोबर ठरलं तर सगळे जिंकले, चुकलं तर तो एकटा हरला. अण्णांनी पस्तीस वर्षं हेडमास्तरकी केली आहे, त्यांना लगेच कळेल.

आता त्याच खेळातली बातमी, आणि ती तुला आवडणार नाही. संजीव तीन सामन्यांपासून बाहेर बसतो आहे. दुखापत वगैरे काही नाही, तब्येत उत्तम आहे. त्याच्या जागी दुसरा मुलगा खेळतो. तू ही ओळ दोनदा वाचशील हे मला माहीत आहे. गेल्या दोन पत्रांत मी हे लिहिलं नाही, फक्त ‘सामना जिंकला, सामना हरला’ एवढंच लिहिलं. आता क्रमाने सांगतो.

या मुलाचं नाव एडी साल्दाना. पंधरा वर्षांचा आहे, या ऑगस्टमध्येच इथे आला. वडील मिल्स्टनच्या डेअरीत गाई बघतात. अंगाने किडकिडीत, कान मोठे, आणि बोलायला इतका लाजाळू की पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी नाव विचारलं तर त्याने संजीवकडे बघितलं. संजीवनेच त्याला आणला होता. कोणत्या डावात कोणी कुठे धावायचं ते पाठ करून घ्यायला आपल्या डायनिंग टेबलावर दोघं वाटाणे आणि हरभरे मांडून बसायचे. हरभरे आपली टीम, वाटाणे समोरची. मी भात टाकायचो आणि ते दोघं भांडायचे. एडीला माझी लसणीची चटणी इतकी आवडते की तो ती ब्रेडला लावून खातो. संजीव त्याला धाकट्या भावासारखा वागवत होता, आणि एडीला काही शिकवायचं म्हटलं की संजीवला स्वतःचाच अभ्यास सुचत नव्हता. मी एकदा म्हटलंही, की अरे, हा उद्या तुझीच जागा घेईल. तर हसून म्हणाला, “नॉट धिस इयर, डॅड.”

तिसऱ्या सामन्यापासून कोच ड्रिस्कल एडीला मध्ये मध्ये खेळवायला लागले. आणि शरयू, काय सांगू, त्या पोराच्या हातात चेंडू आला की त्याचा लाजाळूपणा कुठल्या कुठे जातो. घाई म्हणून नाही. अंगावर कोणी येत असला तरी डोळे पुढेच. संजीव धाडसी आहे, पण संजीवला आधी सगळं डोक्यात पक्कं करायचं असतं, हे तू त्याच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून सांगत आलीस. सहा सामन्यांतले तीन आपण हरलो. तिन्ही वेळा शेवटच्या पाच मिनिटांत.

सहाव्या सामन्यानंतरच्या रविवारी सकाळी कोचने मला चौकातल्या कॅफेत बोलावलं. मी दर सामन्याला वही घेऊन बसतो आणि प्रत्येक फेक टिपतो, हे त्यांना गेल्या वर्षीपासून माहीत आहे. तू त्या वहीला ‘सवत’ म्हणायचीस. कोच बराच वेळ कॉफी ढवळत बसले. साठीचा माणूस, एरवी आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो, त्या दिवशी पुटपुटत होते. नेहमीसारखं मला डॉक्टर करून म्हणाले, “डॉक, मोठा मुलगा की छोटा, ते मला कळतंय. कधी ते कळत नाहीये.” मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पूर्वी दुसऱ्या गावी असताना त्यांनी असाच एक लहान मुलगा घाईने उतरवला. एका सामन्यात त्याला अकरा वेळा आडवा केला. सोमवारी त्याने कपडे घडी करून ऑफिसच्या दारात ठेवले आणि पुन्हा कधी चेंडूला हात लावला नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी, त्या धास्तीने, त्यांनी एका शेवटच्या वर्षाच्या मुलाला दयेपोटी शेवटपर्यंत खेळवला. सगळा हंगाम गेला, आणि तोच मुलगा वीस वर्षांनी भेटल्यावर म्हणाला, तुम्ही मला तेव्हाच बाहेर काढायला हवं होतं, मला रोज वाटत होतं आणि बोलता येत नव्हतं. कोच म्हणाले, “लवकर केलं तरी एक पोरगा मोडतो, उशिरा केलं तरी एक मोडतो. तुमच्या वहीत काय आहे तेवढं मला सांगा.”

मी म्हटलं, तो माझा मुलगा आहे, मला विचारू नका. ते म्हणाले, “म्हणूनच विचारतोय. तुम्ही त्याच्या बाजूने एक आकडा वाढवून लिहिणार नाही हे या गावात सगळ्यांना माहीत आहे.” हे ऐकून मला बरं वाटलं. अभिमान वाटला म्हण. आता वाटतं, तिथेच उठून यायला हवं होतं.

आमच्या कारखान्यात बाटल्यांचा साचा झिजत जातो तेव्हा हाच प्रश्न असतो. जुना साचा कुठे दगा देतो ते कामगाराला पाठ असतं, तो सांभाळून घेतो. नवा साचा पहिल्या दिवशी शंभरातल्या वीस बाटल्या वाकड्या काढतो आणि मग सुरळीत चालतो. बदलायचा दिवस मी आलेखावरून सांगतो आणि अठरा वर्षांत फारसा चुकलो नाही. पण साचा घरी येऊन आपल्या टेबलावर वाटाणे मांडत नाही. तीन दिवस मी वही उघडायची आणि मिटायची एवढंच केलं. तुला फोन लावायचा विचार केला, पण शेजाऱ्यांच्या घरी तुला बोलावून घ्यायचं आणि खरखर ऐकत तीन मिनिटांत हे सांगायचं, हे कसं जमणार? शिवाय तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. विमानतळावर तू म्हणालीसच, “इंजिनियर व्हायला त्याला उभं आयुष्य आहे, हे एक वर्ष त्याला पुरतं खेळू द्या.” मी मान हलवली होती. एप्रिलपासून आपण त्यावरून भांडत होतो, म्हणून मान हलवली, पटलं म्हणून नाही. तुला तेव्हाही कळलं असणार.

बुधवारी मी कागद केला आणि कोचच्या ऑफिसात नेऊन दिला. एका बाजूला संजीव, एका बाजूला एडी. संजीवच्या शंभरातल्या सत्तेचाळीस फेकी आपल्या माणसाच्या हातात गेल्या, एडीच्या साठ. खाली एक ओळ लिहिली: ‘बदल करायचा तर आत्ता, चार सामने शिल्लक असताना.’ कोचने कागद वाचला, दोनदा घडी करून खिशात ठेवला आणि माझा हात हातात घेतला.

गुरुवारी दुपारी त्यांनी संजीवला सांगितलं. तो घरी आला तेव्हा मी मुद्दाम लवकर आलो होतो. त्याने हेल्मेट वॉशिंग मशीनवर ठेवलं आणि गॅरेजच्या पायरीवर बसला. मी शेजारी बसलो. सतरा वर्षांचा मुलगा, माझ्यापेक्षा चार बोटं उंच, आणि तो हुंदके देऊन रडला. त्याचं रडणं मी बहुतेक तो सहा वर्षांचा असताना शेवटचं ऐकलं होतं. एडीवर राग नव्हता, कोचवर होता. तीन वर्षं ज्याच्यासाठी धावलो त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, असं म्हणत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. चहा केला. शरयू, मी त्याला हे सांगितलं नाही.

शुक्रवारी एडीने सुरुवात केली आणि आपण हरलो. चार वेळा त्याला आडवा केला, एकदा उठायला वेळ लागला. मी वहीत लिहीत होतो आणि माझं अक्षर मलाच वाचता येत नव्हतं. कोच म्हणाले होते तसं याही पोराचं झालं तर? आणि खरं सांगतो, मनाच्या एका कोपऱ्यात वाटलं, झालं ते बरं, आता संजीवला परत घेतील. आणि दुसऱ्या कोपऱ्यात वाटलं, घेऊ नयेत, हा खेळ एकदाचा सुटावा. यातलं कुठलं माझं खरं म्हणणं, ते मला अजून सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी संजीव माझ्या खोलीत आला. डोळे चमकत होते. म्हणाला, सोमवारी माझ्याबरोबर कोचकडे चल. “डॅड, यू हॅव एव्हरी थ्रो. जस्ट शो हिम द बुक.” त्याला वाटत होतं की माझी वही त्याच्या बाजूने साक्ष देईल. मग मी सांगितलं. वही कोचने बघितली आहे, कागद मीच करून दिला.

तो ओरडला असता तर सोपं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, “ही आस्क्ड यू?” मी हो म्हटलं. “अँड इट केम आउट एडी?” मी हो म्हटलं. मग तो गेला. पुढचे सहा दिवस घरात पाहुण्यासारखा वागला. ‘थँक यू’, ‘एक्स्क्यूज मी’. जेवताना पुस्तक. एडी एकदा दारापर्यंत आला आणि सायकल वळवून परत गेला, ते मी खिडकीतून बघितलं. त्या शुक्रवारी आठवा सामना होता. त्याच सामन्याला आर्कन्सॉच्या त्या कॉलेजचा, टीमसाठी मुलं निवडणारा माणूस संजीवला बघायला येणार होता, तुला आठवत असेल, उन्हाळ्यात त्याचं पत्र आल्यावर तू शिरा केला होतास. तो आला. संजीव बाकावर बसलेला त्याने बघितला. एडीने त्या दिवशी अप्रतिम खेळ केला, आपण जिंकलो. त्या माणसाने संजीवशी हात मिळवला, दोन मिनिटं बोलला, आणि जाताना एडीचं वय विचारून गेला.

दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी मी बटाटे सोलत होतो. संजीव येऊन समोर बसला. त्याने मला एकच प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. तो म्हणाला, “ओके. देन ही’ज बेटर.” मग दुसरी सुरी घेऊन माझ्याबरोबर बटाटे सोलायला लागला. संध्याकाळी स्वतः गाडी काढून एडीला घेऊन आला. टेबलावर पुन्हा वाटाणे-हरभरे. परवा नवव्या सामन्यात तो पूर्ण वेळ मैदानाच्या कडेला उभा राहून एडीला हातवारे करत होता, एडी प्रत्येक डावाआधी त्याच्याकडे बघत होता, आणि आपण पुन्हा जिंकलो. कोच येऊन मला म्हणाले, असा मुलगा मी तीस वर्षांत बघितला नाही. या बुधवारी त्याने इंजिनियरिंग कॉलेजचा फॉर्म भरला. मी सांगितलं नव्हतं. स्वच्छ अक्षरात भरून माझ्या सहीसाठी टेबलावर ठेवला. म्हणजे बघ, मला हवं होतं ते सगळं झालं. एडी मोडला नाही, टीम जिंकते आहे, संजीव रागावलेला नाही आणि इंजिनियर व्हायला निघाला आहे. पाच दिवस तो फॉर्म टेबलावर आहे आणि माझ्याने सही होत नाही.

त्याने विचारलं होतं, “डॅड, डिड यू काउंट व्हिटलॉक?” व्हिटलॉक गावाशी झालेला सामना, चौथा. त्याबद्दल मी तुला काहीच लिहिलं नव्हतं, कारण तेव्हा अण्णांची तब्येत पुन्हा बिघडल्याची तुझी तार आली होती आणि आपलं सगळं लक्ष अण्णांकडे होतं. त्या दिवशी वादळ होतं. वारा असा की माझ्या वहीची पानं मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, आडवा पाऊस, चेंडू साबणासारखा. एडीने आठ फेकी केल्या, एकच आपल्या माणसाच्या हातात गेली. संजीवने एकोणीस केल्या आणि चौदा गेल्या. मी त्याला तसं खेळताना कधी बघितलं नाही, चिखलात उभा राहून तो हसत होता. कारखान्यात ज्या दिवशी वीज जाते त्या दिवसाचे आकडे आम्ही धरत नाही, तो दिवस नेहमीसारखा नसतो म्हणून. तसंच मी व्हिटलॉक वगळलं. धरलं असतं तर संजीव एक्कावन्न आणि एडी चोपन्न, म्हणजे इतक्या थोड्या फेकींत काहीच फरक नाही असं मी स्वतः लिहिलं असतं. वगळणं चूक नव्हतं, उद्या कोणी विचारलं तर मी ते सिद्ध करून दाखवीन. पण कारखान्यात एखादा दिवस वगळला तर कागदाच्या तळाला तसं लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. अठरा वर्षांत एकदाही केलेली नाही. कोचच्या कागदावर मी ते लिहिलं नाही. विसरलो का? मला आठवत नाही. कागद केला त्या बुधवारी मी माझ्या मुलाच्या भल्याचा विचार करत होतो की टीमच्या की माझ्या हट्टाचा, हे मी रोज स्वतःला विचारतो आणि रोज वेगळं उत्तर येतं. एडी खरंच चांगला खेळतो, मग कागद बरोबरच होता ना? की तो चांगला निघाला हा माझ्या नशिबाचा भाग? मला काही कळेनासं झालं आहे. एवढंच कळतं की संजीवने विचारलं तेव्हा मी बटाट्यावरून नजर न उचलता म्हटलं, हो, सगळे सामने मोजले. आणि त्या एका शब्दावर विश्वास ठेवून त्याने आपली जागा सोडली आणि हसत सोडली. तू काय करायचं ते कळव, असं लिहिणार होतो, पण उत्तर यायला महिना जाईल आणि तेवढ्यात मी गप्प राहायला शिकेन. म्हणून उत्तर मागत नाही. हे पत्र पेटीत पडलं की परत घेता येणार नाही, आणि पंधरा दिवसांत तुला सगळं कळलेलं असेल. तुला माहीत असताना त्याच्यापासून लपवून या घरात राहणं मला जमणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो. त्यासाठीच लिहिलं. संजीव एडीला सोडायला डेअरीवर गेला आहे, अर्ध्या तासात येईल. तो यायच्या आत कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जाऊन येतो.

तुझाच,
पुरुषोत्तम